पेव्हस्नर आणि रिचर्ड्‌स: एकाच मासिकातले दोन समीक्षक

ब्रिटनमध्ये आधुनिक वास्तुकलेची बाजू लावून धरणाऱ्या समीक्षकांत निकोलाउस पेव्हस्नर आणि जे. एम. रिचर्ड्‌स यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोघांनीही ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’ या मासिकाचे संपादन केले, दोघांचीही पुस्तके पेंग्विनने स्वस्त आवृत्त्यांत काढली, आणि पेव्हस्नर १९६९ मध्ये, तर रिचर्ड्‌स १९७२ मध्ये ‘सर’ झाले. आधुनिकतेकडे मात्र ते दोन वेगळ्या वाटांनी आले होते.

पेव्हस्नर मूळचे लाइपझिगचे आणि पेशाने कलेतिहासकार. ज्यू वंशामुळे १९३३ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठातील जागा गेल्यावर त्यांनी इंग्लंड गाठले. १९३६ च्या ग्रंथात त्यांनी एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कलाकार-रचनाकार विल्यम मॉरिसपासून जर्मन आधुनिक वास्तुकार वॉल्टर ग्रोपिअसपर्यंत जणू वंशावळच मांडली. आधुनिक शैली हे इतिहासाचे पुढचे पाऊल आहे आणि ते कोणी टाकले हे नावानिशी सांगता येते, असा त्यांचा पक्ष होता. १९४२ च्या पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी सायकली ठेवण्याची शेड ही नुसती इमारत, आणि लिंकन या इंग्लिश शहरातले कॅथीड्रल ही वास्तुकला, अशी रेघ ओढली.

रिचर्ड्‌स यांना ही रेघ मानवली नसती, असे मला वाटते. ते वास्तुकलेचेच शिक्षण घेतलेले, पण पत्रकारितेत रमलेले. १९३७ पासून १९७१ पर्यंत ते संपादकपदी होते. नव्या वास्तुकलेने एकेका कर्तृत्ववान वास्तुकाराच्या नावावर न जगता सर्वांची, निनावी भाषा व्हावे, हे त्यांनी १९३७ मध्येच लिहिले होते. युद्धकाळात ते कैरोला गेले, तेव्हा त्यांची खुर्ची पेव्हस्नर यांनी सांभाळली, आणि गल्लतीचे मूळ बहुधा तिथेच आहे.

कैरोत बसून रिचर्ड्‌स यांनी लिहिले ते मात्र इंग्लंडच्या उपनगरांवर. जॉन पायपर यांच्या चित्रांसह ते पुस्तक १९४६ मध्ये निघाले. घरात गालिचा झाडायचे यूबँक यंत्र, अंगणात गवत कापायचे ॲटको यंत्र, अशा नेटक्या घराच्या वर्णनाने त्याची सुरुवात होते, आणि ज्या घरांना आधुनिकतावादी नाके मुरडत त्यांची आवड लोकांना का असते, हे लेखक आपुलकीने समजून घेतो. नव्या पिढीच्या वास्तुकारांना हा सरळसरळ दगा वाटला. मला तो वाटत नाही: ज्याला निनावी वास्तुकला हवी होती, त्याला निनावी घरांपाशी थांबावेच लागले असते.

पेव्हस्नरही आपल्या वाटेवर आधुनिकतेपुरते उरले नाहीत. व्हिक्टोरियन इमारती वाचवणाऱ्या सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, आणि १९५१ ते १९७४ या काळात इंग्लंडमधील इमारतींची ४६ खंडांत नोंद केली, त्यांतील ३२ खंड एकट्याने. दिवसभर पत्नी लोला गाडी चालवत, चर्च आणि वाडे पाहून होत, आणि त्या दिवसाची टिपणे संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीतच लिहून निघत. रिचर्ड्‌स यांच्या उपनगरी घरांसाठी मात्र त्या खंडांत फारशी जागा नव्हती.