कोल्हापुरात टेनिस कोच कॉलेजच्या पगारपत्रकावर का नसतो?

आंतरमहाविद्यालयीन टेनिस स्पर्धेत कोर्टाच्या जाळीबाहेर दोन माणसं उभी असतात. एक जिमखान्याचे सर. त्यांच्या फाइलीत पात्रता अर्ज, ओळखपत्रं, प्राचार्यांच्या सह्या. दुसरा टोपी घातलेला, गप्प. पॉइंट गेला की पोरगं ज्याच्याकडे बघतं, तो कोच. सर कॉलेजचे, कोच अकादमीचा. ही वाटणी कशी झाली, त्याला जुना इतिहास आहे.

कोल्हापुरात खेळाला राजाश्रय मिळाला तो कुस्तीच्या रूपाने. शाहू महाराजांनी खासबाग मैदान 1912 मध्ये उभं केलं. तालीम, वस्ताद, खुराक ही सगळी घडी बसलेली होती. कॉलेजंही त्याच वळणाची. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे कमी पडले तेव्हा याच कॉलेजचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. म्हणजे कॉलेज खेळाडूच्या पाठीशी उभं राहत नव्हतं असं नाही. फक्त तो खेळाडू आखाड्यातला होता.

टेनिस आपल्याकडे आलं ते साहेबाच्या आणि संस्थानिकांच्या हिरवळीवर, आणि पुढे क्लबातच राहिलं. कारण साधं आहे. मागची-बाजूची मोकळी जागा धरून एका कोर्टाला साधारण 120 बाय 60 फूट लागतात आणि खेळतात जास्तीत जास्त चार जण. तेवढ्याच जागेत पुरुषांच्या कबड्डीची तीन मैदानं बसतात, 42 पोरं घामाघूम होतात. कुठला प्राचार्य कोर्ट बांधेल?

गंमत म्हणजे कॉलेजात टेनिस कोच येण्याचा योग जुळून आला होता. रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. 1961 मध्येच पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजे आपलं ‘एनआयएस’, सुरू झाली आणि देशात कोचिंगची रीतसर पदविका आली. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं. पण कॉलेजात पद निर्माण झालं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं, म्हणजे जिमखान्याच्या सरांचं. त्याला वेतनश्रेणी प्राध्यापकाची, पात्रता शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट. यूजीसीच्या नियमांत शारीरिक चाचणीही आहे: तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने 12 मिनिटांत 1800 मीटर पार करायचे. रॅकेट हातात धरता येते का, हे कुणी विचारत नाही. विचारून उपयोगही नाही, कारण त्याच माणसाला खो-खोपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ न्यायचे असतात.

अमेरिकेत विद्यापीठाच्या टेनिस कोचचं पद आयुष्यभराची नोकरी असू शकते. स्टॅनफर्डच्या डिक गूल्ड यांनी 1966 ते 2004 एकाच विद्यापीठात कोचिंग केलं आणि 17 राष्ट्रीय विजेतीपदं मिळवली. तिकडे शिष्यवृत्तीची तरतूद असते, संघ निवडण्यात कोचचा शब्द चालतो. आपला सोमदेव देववर्मन 2007 आणि 2008 मध्ये एनसीएए, म्हणजे तिकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत, एकेरीचा विजेता झाला तो व्हर्जिनिया विद्यापीठाकडून.

आपल्याकडचा रस्ता वेगळा. जुन्या पिढीत क्लबात मार्कर म्हणून सुरुवात व्हायची. सभासदांबरोबर रॅली मारायची, कोर्टवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा ओढायच्या. आताचा कोच बहुधा स्वतः राज्य पातळीवर खेळलेला असतो, मग एनआयएसचा छोटा प्रमाणपत्र कोर्स किंवा टेनिस संघटनेचा ‘लेव्हल’ कोर्स, म्हणजे कोचिंगचा टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम, करतो आणि बॅच सुरू करतो. पहाटे बास्केट घेऊन एकामागून एक बॉल फीड करणं, संध्याकाळी लहान पोरं. मातीचं कोर्ट असेल तर कोल्हापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर हातावर हात. फी थांबते, जागेचं भाडं थांबत नाही. कॉलेजकडून काही मिळालंच तर स्पर्धेआधीच्या सराव शिबिराचं मानधन. निकालात नाव मात्र कॉलेजचं.

खेळाडू घडत नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव 2022 मध्ये विम्बल्डनच्या 14 वर्षांखालील स्पर्धेत खेळली. पण या वयात इतकी पुढे गेलेली मुलं कॉलेजची वेळ आली की परदेशी शिष्यवृत्ती किंवा व्यावसायिक स्पर्धांकडे बघतात. मधल्या फळीतली बरीचशी बारावीला क्रीडा गुण घेऊन इंजिनिअरिंगला लागतात आणि रॅकेट कपाटात जाते. कॉलेजच्या संघासाठी उरतात त्यांना कोच सवड काढून, सकाळच्या बॅचनंतर तासभर खेळवतो.