आजीचा पदर आणि उजवीकडचं कॉकपिट

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरचा एक फोटो आहे. आजी कुरडया घालतेय, शेजारी काका उभा, मागे किल्ल्याची लांबच लांब कड आणि तिच्यावर एका अंगाला कलून वळण घेणारं विमान. घरात सगळे त्याला ‘मिग’ म्हणायचे. आकाशात जे गर्जेल ते आधी मिग आणि 1985 साली महाराजपूरच्या हवाई तळावर नवी फ्रेंच विमानं आल्यावर मिराज, एवढंच आमचं वर्गीकरण. फोटो स्कॅन करून मोठा केला तेव्हा लक्षात आलं, हे दोन्हीपैकी एकही नाही.

विमान ओळखायचं म्हटलं की नजर आधी रंगाकडे जाते, नाहीतर शेपटावरच्या क्रमांकाकडे. क्रमांक वाचता आला तर प्रश्नच मिटला. पण जुन्या, दुर्मिळ विमानांच्या फोटोत नेमका तोच पुसट असतो, आणि रंग तर कधीही बदलता येतो. मी सगळ्यात आधी बघते ते विमान श्वास कुठून घेतं, म्हणजे इंजिनासाठी हवा ओढणारं तोंड कुठे आहे ते. कारण ती जागा हौसेने ठरत नाही.

लढाऊ विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जात असलं तरी इंजिनाच्या पहिल्या पात्यांपाशी हवा ध्वनीपेक्षा कमी वेगानेच पोचावी लागते. ती एकदम थोपवली तर दाब मोठ्या प्रमाणात वाया जातो. म्हणून काही विमानांत वाटेत एक शंकू ठेवतात. त्याच्या टोकापासून तिरकी आघात लहर, म्हणजे हवेच्या दाबाची तीव्र लाट, निघते आणि हवेचा वेग टप्प्याटप्प्याने उतरतो. मिग-21 मध्ये हा शंकू थेट नाकात आहे, विमानाने तोंड उघडून सुपारी धरावी तसा. मिराज 2000 मध्ये तोंडं दोन्ही कुशींना आणि प्रत्येकात अर्धा शंकू, जो वेगानुसार पुढेमागे सरकतो. फ्रेंच लोक त्याला लाडाने ‘उंदीर’ म्हणतात. आपल्या भारतीय तेजसच्या तोंडात असा शंकू नाहीच.

मिराज आणि तेजस यांची गल्लत फोटोत फार होते. दोघांचे पंख त्रिकोणी, दोघांनाही मागे आडवं शेपूट नाही. अंतर माहीत नसेल तर फोटोवरून आकार कळत नाही, म्हणून मी लांबी आणि पंखविस्तार यांचं गुणोत्तर काढून पाहिलं. मिराज 14.36 मीटर लांब आणि 9.13 मीटर रुंद, म्हणजे 1.57. तेजस 13.2 आणि 8.2, म्हणजे 1.61. इतका बारीक फरक तिरक्या फोटोत कुठला दिसायला! मग पंखाची पुढची कड बघायची. मिराजची कड सरळ रेषेत मागे जाते. तेजसची मध्येच मोडते: अंगाजवळ कमी तिरकी, बाहेर जास्त. ही मोड अगदी धुरकट छायेतही दिसते.

‘जुनं मिग’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या फोटोंत कधी एखादं मारुतही निघतं, आणि तेव्हा मला फार आनंद होतो. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या आराखड्याचं हे भारतात घडलेलं जेट 17 जून 1961 रोजी पहिल्यांदा उडालं आणि एकूण 147 बनली. टोकदार नाक, तोंडं बाजूला, मागे शेजारी शेजारी दोन नळ्या. नाक बंद आणि टोकदार दिसलं की मिग-21 बाद, कारण मिग नाकानेच श्वास घेतं.

पंख्याच्या विमानांत वेगळीच अडचण. हल्ली फोटो मोबाईलवर काढतात आणि मोबाईलचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, एकेक ओळ वाचत खाली येतो. समजा त्याला सेकंदाचा साठावा भाग लागला. एटीआर या प्रवासी विमानाचा पंखा उड्डाणाच्या वेळी मिनिटाला सुमारे 1200 फेरे घेतो, म्हणजे तेवढ्यात त्याचा एक तृतीयांश फेरा होऊन जातो. पाती केळ्यासारखी वाकतात, काही तर हवेत सुटी तरंगतात. अशा फोटोत पाती मोजून नाव ठरवू नये. त्यापेक्षा इंजिन कुठे बसलंय ते बघा. हवाई दलाच्या एएन-32 या मालवाहू विमानाची इंजिनं पंखाच्या डोक्यावर चढवलेली आहेत, कारण त्याचे पंखे इतके मोठे की खाली लावले असते तर अंगाशी आणि जमिनीशी जागाच उरली नसती. एटीआरचं आडवं शेपूट उभ्या शेपटाच्या माथ्यावर असतं. (एक सांगायलाच हवं: हवाई तळाच्या आसपास कॅमेरा काढू नये. तिथे छायाचित्रणाला बंदी असते, आणि ती रास्त आहे.)

तर गच्चीवरचं विमान. नाकात तोंड नाही. प्रत्येक पंखात एक गोल, लांबट इंजिन ओवलेलं. इंजिन आणि विमानाचं अंग यांच्यामधला पंख चांगला रुंद, विरळ हवेतही तोलून धरणारा. लांबी आणि पंखविस्तार जवळजवळ सारखे. हे सगळं कॅनबेरा या ब्रिटिश बनावटीच्या जेट बाँबफेकी विमानाशी जुळत होतं. भारताने ती 1957 साली घेतली, 11 मे 2007 रोजी आग्र्याला निरोप दिला, आणि आग्रा ग्वाल्हेरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आतच. अडलं ते एका ठिकाणी. कॉकपिटचा काचेचा फुगा मधोमध नव्हता, उजवीकडे सरकलेला होता. कॅनबेराच्या एका बाँबफेकी प्रकारात तो सरकलेला असतो खरा, पण डावीकडे. वैमानिक डाव्या अंगाला बसतो आणि नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग दाखवणारा, त्याच्या उजवीकडे, खाली, कारण त्याला नाकापर्यंत सरपटत जायला वाट लागते. उजवीकडे फुगा असलेली कॅनबेरा बनलीच नाही.

दोन दिवस त्या फुग्यातच अडकले. मग सहज आजीकडे लक्ष गेलं. तिचा पदर उजव्या खांद्यावर होता. शेजारच्या बायका सीधा पल्ला घेत, पण आजीने जन्मात उजव्या खांद्यावर पदर घेतला नाही. काकाच्या शर्टाचा खिसाही उजवीकडे. स्टुडिओत निगेटिव्ह उलटी लागली होती आणि इतकी वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी चित्र आडवं उलटवलं. फुगा डावीकडे गेला, पदर डाव्या खांद्यावर आला. किल्ला आमच्या उत्तरेला, म्हणजे फोटोत उजवा हात पूर्वेचा. आधी उजवीकडे पडलेल्या सावल्या आता डावीकडे, पश्चिमेला पडल्या होत्या, म्हणजे वेळ सकाळची. संध्याकाळी कोण कुरडया घालतं? आजीसमोरच्या धोतरावरच्या कुरडया अजून ओल्या, चकाकत होत्या.