खंदकातली स्केचेस: रेघ शाबूत, कागद मात्र चाललाय

पहिल्या महायुद्धात सैनिकांनी काढलेली स्केचेस बघताना आपली नजर पडक्या चर्चवर, नुसते बुंधे उरलेल्या झाडांवर, भिंतीला टेकून झोपलेल्या जवानांवर जाते. ज्या पेन्सिलीने आणि ज्या कागदावर ती काढली तिकडे कोणी फारसं बघत नाही, पण शंभर वर्षांनी काय उरणार आणि काय जाणार हे त्या दोघांच्या केमिस्ट्रीनेच ठरवलंय.

काढणारे काही सगळेच हौशी नव्हते. जर्मन चित्रकार ऑटो डिक्स मशीनगनवर होता आणि आघाडीवरच शेकडो चित्रं काढत होता. दुसरा जर्मन चित्रकार फ्रांत्स मार्क, त्याची १९१५ची ३६ चित्रांची एक वही उरलीये, तो स्वतः ४ मार्च १९१६ला फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या लढाईत, त्या गावाजवळ मारला गेला. तिथलंच फ्लरी गाव इतकं भाजून निघालं की ते पुन्हा वसलंच नाही, अशा ठिकाणी पुढे ढिगारेसुद्धा राहिले नाहीत, म्हणून मला ही चित्रं फार मोलाची वाटतात.

काहींसाठी तर चित्र काढणं ही ड्युटीच होती. ब्रिटिश सैन्यातला ॲड्रियन हिल स्काउटिंग-स्नायपिंगच्या तुकडीत होता, पुढे सरकायचं आणि समोर काय दिसतंय ते काढून आणायचं हे त्याचं काम. असल्या लष्करी स्केचमध्ये अंदाजपंचे चालत नाही. पट्टीला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक दातात धरायचं, म्हणजे डोळा आणि पट्टी यातलं अंतर हलत नाही. हे अंतर ५७ सेंमी ठेवलं तर पट्टीवरचा १ सेंमी म्हणजे जवळजवळ १ अंश, मग झाड आणि घर यांच्यातला कोन थेट वाचता येतो आणि तोफखान्याला तेवढंच हवं असतं.

आता पेन्सिल. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे पातळ थर, थराच्या आत अणू एकमेकांना घट्ट धरून असतात पण थराथरांमधली पकड ढिली, त्यामुळे घासलं की पापुद्रे सुटतात आणि कागदाच्या तंतूंत अडकतात. उजेडाने ते फिकं पडत नाही, पाण्यात विरघळत नाही, ॲसिडलाही दाद देत नाही, बोटाने पुसटतं तेवढंच. आणि ही पेन्सिलही लढाईतूनच आलीये बरं का: ब्रिटनशी युद्ध पेटल्यावर फ्रान्सला तिथलं चांगलं ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँते या फ्रेंच संशोधकाने हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची पूड मातीत मळून भट्टीत भाजली आणि १७९५मध्ये पेटंट घेतलं. माती जास्त तितकी पेन्सिल कडक.

कागदाची गोष्ट मात्र वाईट आहे. त्या काळचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) राहायचं, ते हवा-उजेडात पिवळं पडतं. शिवाय शाई पसरू नये म्हणून राळ आणि ॲल्युमिनियम सल्फेट घालायचे, त्याने कागद ॲसिडिक होतो, आणि दमटपणा मिळाला की ॲसिड कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत सुटतं. शेवटी रेघ जशीच्या तशी आणि कागदाचा कोपरा हातात तुटून येतो.

यावर उपाय आहे, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेल्या पाण्यात कागद बुडवून ॲसिड मारायचं, साध्या ग्रॅफाइटला त्याने काही होत नाही. अडचण येते ती कॉपिंग पेन्सिलची. तिच्यात ग्रॅफाइटसोबत मिथाइल व्हायोलेटसारखा ॲनिलिन (कृत्रिम) रंग असायचा, ओली केली की जांभळी शाई, रबराने खोडता येत नाही, म्हणून सैनिक पत्रं लिहायला सर्रास वापरायचे आणि मग चित्रंही त्यानेच काढायचे. हा रंग उजेडात उडतो आणि पाणी लागलं की पसरतो. म्हणजे कागद वाचवायला जे पाणी लागतं तेच पाणी चित्र धुवून टाकणार! म्हणून जतन करणारे आधी एखाद्या कोपऱ्यात सूक्ष्म थेंब टाकून तपासतात, आणि रेघ जांभळी झाली तर पाण्याचा नाद सोडून बिनपाण्याच्या द्रवातून मॅग्नेशियम ऑक्साइडचे बारीक कण कागदात बसवतात. प्रदर्शनात अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) म्हणजे मंद उजेड ठेवतात आणि तोही थोडे महिने, मग परत अंधाऱ्या पेटीत.