संवेदन

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्याकडून आलेल्या खबरीचा मेंदू जो अर्थ लावतो, त्याला मानसशास्त्रात संवेदन म्हणतात. नुसत्या खबरीला वेदन असा वेगळा शब्द आहे. प्रकाश डोळ्यात शिरला हे वेदन; ‘समोर गुळाचा रवा (ढेप) आहे, पिवळाधमक आहे, दहा किलोचा असावा’ हे संवेदन. पहिल्यावरून दुसऱ्यावर आपण कधी गेलो हे कळत नाही. सगळी सोय त्यातच आहे आणि सगळा घोळही.

खबर मुळात तुटपुंजी असते. डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो. त्यातही बारीक तपशील टिपणारा दृष्टिपटलाचा मधला भाग जेमतेम २ अंशांचा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा. बाकी सगळे धूसर. डोळा सेकंदाला तीनेक वेळा उड्या मारून तुकडे गोळा करतो आणि मेंदू त्यांचे अखंड चित्र उभे करतो.

मेंदू मधली भर कशी घालतो ते कागदावर पाहता येते. डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंमीवर अर्ध्या सेंमीचा ठिपका काढावा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. सुमारे ३० सेंमीवर ठिपका नाहीसा होतो, कारण त्याची प्रतिमा दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) जिथून बाहेर पडते त्या अंधबिंदूवर पडते. प्रयोग फसतो तो बहुधा नजर फुलीवरून ठिपक्याकडे सरकल्यामुळे किंवा भलताच डोळा मिटल्यामुळे. ठिपक्यातून एक आडवी रेघ ओढून पुन्हा करावा: ठिपका जातो, पण रेघ तुटलेली दिसत नाही. तिथे रेघ असणारच, असे मेंदूने धरून चाललेले असते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात याला अजाणता केलेले अनुमान म्हटले.

हे अनुमान सरावाने धारदार होते. कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळावरचा गुळव्या हे त्याचे उत्तम उदाहरण. काहिलीतल्या रसाची मळी काढून झाली, रस आटत आला, की तो बुडबुड्यांचा आकार आणि फुटण्याची चाल पाहतो, मग थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळते का ते बघतो. हे सगळे तापमान ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना घडते. काहील लवकर उतरवली तर गूळ चिकट राहतो आणि पावसाळ्यात पाघळतो. उशीर झाला तर काळपट आणि करपट होतो. नवख्या माणसाच्या डोळ्यांवर पडणारा उजेड तोच असतो, पण त्याला नुसता फेस दिसतो.

हीच नजर फसवताही येते. पिवळा गूळ म्हणजे चांगला गूळ ही गिऱ्हाइकाची समजूत इतकी पक्की आहे की रंग उजळण्यासाठी रसात हायड्रॉस हे रंग उडवणारे रसायन घालण्याची चाल पडली. हा उजळपणा टिकत नाही, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. पण सौदा तोवर झालेला असतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी दुकानात निवाडा रंगावरच होतो. शिवाय रंग उजेडावर अवलंबून. मेंदू दिव्याच्या रंगाची वजावट करतो, पण पिवळ्या बल्बखाली ती पुरी होत नाही आणि मळकट ढेपही उजळ भासते. गूळ पाहायचा तर दिवसाउजेडी, ढेप फोडून आतला भाग पाहावा.

हाताचा अंदाजही असाच. उचललेल्या वजनातला फरक साधारण २ टक्क्यांच्या पुढे गेला तरच जाणवतो (वेबरचा नियम). दहा किलोच्या रव्यात दीडशे ग्रॅम कमी असले तर हाताला पत्ता लागत नाही. सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू जड वाटते. दोन्ही काट्यावर तोलून दाखवल्या तरी पुन्हा उचलताना लहानच जड लागते. माहिती झाली म्हणून भ्रम जात नाही.

जिभेचे उदाहरण तांबड्या रश्शाचे. लाल रंग दिसला की तिखटाची धास्ती बसते; पण मसाल्याचा रंग मुख्यतः ब्याडगी मिरचीचा असतो, आणि ती तिखटाला सौम्य. झणका येतो संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीतून. मुळात तिखट ही चवच नव्हे. मिरचीतले कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूवरच्या ज्या ग्राहीला (खबर टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटते तो ग्राही एरवी ४३ अंशांवरच्या उष्णतेला जागा होतो. त्यामुळे भाजलेले काही नसताना तोंड पोळल्याची खबर मेंदूला जाते. हा ग्राही १९९७ साली डेव्हिड ज्यूलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत सापडला. त्यांना २०२१चे नोबेल मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून घटाघटा पाणी पिऊन उपयोग नाही. दूध किंवा दही घ्यावे. रश्शानंतर लगेच घेतलेला कोमट चहाही पोळतो, कारण त्या ग्राहीचा उंबरठा खाली आलेला असतो.

पौर्णिमेच्या संध्याकाळी कोल्हापुरातल्या टेंबलाईच्या टेकडीवरून उगवता चंद्र परातीएवढा दिसतो. तो डोक्यावर आला की वाटीएवढा. दोन्ही वेळी तो अर्ध्या अंशाचाच असतो. हात लांब करून धरलेल्या तुरीच्या दाण्याने जेमतेम झाकतो. उलट क्षितिजावर तो आपल्यापासून किंचित दूर असल्याने दीडेक टक्क्याने लहानच भरतो. कागदाच्या नळीतून पाहिल्यावर त्याचा मोठेपणा बराच ओसरतो. असे का होते यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेने प्रत्यक्षाची, म्हणजे इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाची, व्याख्या करतानाच ही अडचण ओळखली होती. इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून (संपर्कातून) झालेले ज्ञान ‘अव्यभिचारि’, म्हणजे न चुकणारे असेल तरच ते प्रत्यक्ष. नंतरच्या नैयायिकांनी त्याचे निर्विकल्पक (नाव-रूप न ठरलेले) आणि सविकल्पक (‘हे अमुक आहे’ असे ठरलेले) असे भेद केले. वेदन-संवेदन ही जोडी त्यांच्या बरीच जवळ जाते. दोरीवर साप दिसतो तेव्हा नेमके काय दिसते, यावर दर्शनांत मोठा वाद आहे. नैयायिक म्हणतात, अन्यत्र पाहिलेला खरा साप इथे भासतो (अन्यथाख्याति). अद्वैत्यांच्या मते तो साप सत् नव्हे आणि असत्‌ही नव्हे (अनिर्वचनीयख्याति). आजच्या प्रयोगशाळेला नैयायिकांचे म्हणणे अधिक सोयीचे, कारण त्यात पूर्वानुभवाला जागा आहे.

सिनेमा तर सगळा संवेदनाच्या भरवशावर चालतो. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या काळच्या मूकपटांत सेकंदाला १६च्या आसपास चित्रे सरकत. प्रतिमा डोळ्यात १/१६ सेकंद टिकते म्हणून चित्र हलते, हे शाळेच्या पुस्तकातले स्पष्टीकरण अपुरे आहे. प्रतिमा नुसत्या टिकल्या असत्या तर एकीवर एक चढून चिखल झाला असता. मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्टहायमर यांनी १९१२ साली दाखवले की योग्य अंतराने दोन ठिकाणी दोन रेषा उजळल्या तर मेंदू त्यांच्यामधली हालचाल स्वतः रचतो. लुकलुक हा वेगळा प्रश्न. ती घालवण्यासाठी प्रक्षेपकाच्या उजेड अडवणाऱ्या फिरत्या झडपेला तीन पाती लावत, म्हणजे एकच चित्र तीनदा उजळून सेकंदाला ४८ झपकारे होत. हाताने फिरवायच्या यंत्राचा दांडा हळू पडला की पडदा पुन्हा थरथरू लागे.