ओकॅमलमधला ‘इंट’ आणि ‘इंट६४’: एका बिटाचा फरक

यंत्र ६४ बिटांचं, कंपायलरही ६४ बिटांचा, तेव्हा ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेतला साधा ‘इंट’ (पूर्णांकाचा प्रकार) ६४ बिटांचाच असणार, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. तो ६३ बिटांचा असतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४६११६८६०१८४२७३८७९०३. तिच्यात एक मिळवला की कसलीही तक्रार न होता उणे ४६११६८६०१८४२७३८७९०४ हाती येते. ‘इंट६४’ मात्र पूर्ण ६४ बिटांचा.

तो एक बिट गेला कुठे? समोरचं मूल्य आकडा आहे की मेमरीतला पत्ता, हे गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या भागाला) ओळखावं लागतं, म्हणून शेवटचा बिट खुणेसाठी राखलेला आहे. १ असेल तर आकडा, ० असेल तर पत्ता. त्यामुळे ५ ही संख्या आत ११ होऊन बसते (दुप्पट अधिक एक) आणि ७ ही १५ होऊन. बेरीज करायची तर ११ आणि १५ मिळून २६, त्यातली जादा खूण वजा केली की २५, म्हणजेच १२. इतक्या थोडक्यात काम भागतं, ही युक्ती मला फार आवडते.

‘इंट६४’मध्ये खुणेला जागाच उरत नाही. म्हणून तो मेमरीत वेगळा ठेवून हातात फक्त त्याचा पत्ता दिला जातो. ६४ बिटांच्या यंत्रावर असा एक आकडा २४ बाइट खातो: ८ हेडरचे, ८ त्याच्या क्रियांच्या तक्त्याच्या पत्त्याचे, ८ खुद्द मूल्याचे. एका फंक्शनच्या आतल्या आत हिशेब असेल तर नेटिव्ह कंपायलर (थेट यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा) हा खर्च बऱ्याचदा टाळतो, पण लाखभर आकड्यांची यादी जड होतेच. तिथे बिगॲरे (आकडे थेट सलग साठवणारी रचना) वापरावा. आणखी एक: दोन ‘इंट६४’ सारखे आहेत का हे दुहेरी बरोबर-चिन्हाने तपासू नका. ते पत्ते ताडून पाहतं, त्यामुळे ५ आणि ५ वेगळे ठरू शकतात. एकेरी चिन्ह वापरा.

या दोन प्रकारांची सरमिसळ टाइप चेकर होऊ देत नाही. ‘इंट६४’ला साधं अधिक चिन्हही चालत नाही, ‘इंट६४.ॲड’ लिहावं लागतं. चूक होते ती रूपांतरात. ‘इंट६४’ची कमाल संख्या ‘टू_इंट’मधून (‘इंट’मध्ये बदलणाऱ्या फंक्शनमधून) काढून पाहा: उत्तर उणे १ येतं, कारण वरचा बिट गळून पडतो.

माझी फजिती एफएनव्ही-१ए या ६४ बिटांच्या हॅशमध्ये (माहितीवरून ठरावीक लांबीचा आकडा काढण्याच्या पद्धतीत) झाली. त्याचा सुरुवातीचा स्थिरांक षोडशमान (सोळा अंकांच्या) पद्धतीत ‘सी’ने, म्हणजे १२ ने, सुरू होतो. ‘इंट’मध्ये तो मावत नाही म्हणून कंपायलरने अडवलं, तेव्हा मी ‘सी’च्या जागी ४ लिहून वरचा बिट उडवला आणि पुढे गेलो. चाचणीत जवळपास निम्मे हॅश दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हॅशशी तंतोतंत जुळले, उरलेल्यांत फक्त षोडशमानातला पहिला अंक नेमका ८ ने कमी. दोन दिवस मी इनपुटमध्ये दोष शोधत बसलो. खरं कारण साधं होतं. गुणाकार आणि एक्सऑर (दोन आकड्यांचे वेगळे असलेले बिट १ करणारी क्रिया) करताना खालचे बिट वरच्या बिटावर अवलंबून नसतात, त्यामुळे ६३ बिट बरोबर येत होते आणि फक्त सर्वांत वरचा हरवत होता. जिथे तो मुळात ० होता, तिथे उत्तर जुळलं.

हाच प्रकार स्प्लिटमिक्स६४ या यादृच्छिक आकडे काढण्याच्या पद्धतीत केला असता तर बहुतेक उत्तरं जुळली नसती. तिथे उजवीकडे सरकवण्याच्या पायऱ्या आहेत, त्या वरचे बिट खाली आणतात आणि सरकवल्यानंतरचा गुणाकार ती चूक सगळीकडे पसरवतो.

आता मोजणी, ॲरेतला क्रमांक, यादीची लांबी यांना मी ‘इंट’च ठेवतो. हॅश, फाइलचा ठरलेला आराखडा, नेटवर्कवरून येणारा ६४ बिटांचा आकडा, म्हणजे ज्याची रुंदी दुसऱ्या कुणी ठरवून दिलेली आहे, ते ‘इंट६४’मध्ये. तो सचिन्ह (उणे संख्याही धरणारा) असल्यामुळे एफएनव्हीचा तोच स्थिरांक दशमानात छापला की उणे ३७५०७६३०३४३६२८९५५७९ दिसतो. बिट मात्र सगळे जागच्या जागी असतात.