विज्ञानकथेत समाज ‘आत्ता’ आला?

‘पूर्वीच्या अमेरिकन विज्ञानकथेत नुसती रॉकेटं आणि परग्रहवासी होते, वंशभेद वगैरे हल्ली घुसवलं,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते साफ चुकीचं आहे. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक-विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांची वंशभेदावरची ‘द कॉमेट’ ही कथा १९२० ची. १९५३ ची चित्रकथा ‘जजमेंट डे’ तर वाचाच. पृथ्वीचा अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथे नारिंगी यंत्रमानवांना सगळं काही आणि निळ्यांना वेगळी वस्ती, बसमध्ये मागची जागा. आतली यंत्रं मात्र हुबेहूब सारखी. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो, आणि तो कृष्णवर्णीय असतो! १९५६ मध्ये पुनर्मुद्रणावेळी चित्रकथांचा मजकूर तपासणाऱ्या नियामकांनी नेमका हाच चेहरा बदलायला सांगितला. प्रकाशक बिल गेन्स यांनी ठाम नकार दिला आणि चित्र तसंच छापलं.