इंडीज, जपानी

इंडीज, जपानी : मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या बाहेर राहून गाणी ध्वनिमुद्रित करण्याची आणि विकण्याची जपानमधील पद्धत, तसेच त्या पद्धतीने निघालेले संगीत. पाश्चात्त्य देशांत ‘इंडी’ (‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र, याचे लघुरूप) म्हटले की गिटारप्रधान अशी एक शैली डोळ्यांसमोर येते. जपानमध्ये मात्र हा शब्द मुळात मालकीचा आणि वितरणाचा आहे. मूळ ध्वनिफीत कोणाच्या ताब्यात आहे आणि तबकडी दुकानापर्यंत कोण पोचवतो, यावर तो ठरतो. म्हणून त्यात पंकही येते, लोकगीतही येते आणि निखळ पॉपही. १९८५ मध्ये एनएचके या सार्वजनिक दूरचित्रवाणीने या विषयावर कार्यक्रम केला आणि शब्द सर्वतोमुखी झाला. त्यापूर्वी ‘जिशु-सेइसाकु-बान’, म्हणजे ‘स्वनिर्मित तबकडी’, असे म्हणत.

प्रारंभाबाबत मतभेद आहेत. एक मत १९६७ सालाकडे बोट दाखवते. क्योतोमधील ‘फोक क्रुसेडर्स’ या विद्यार्थ्यांच्या गटाने गट मोडण्यापूर्वी आठवण म्हणून ‘हारेन्चि’ ही तबकडी पदरमोड करून काढली. प्रती अवघ्या ३००. तिच्यातील एका गाण्यात दारू पिऊन गाडी चालवताना मेलेला माणूस स्वर्गात जातो आणि तिथून हाकलला जाऊन परत येतो. ध्वनिफितीचा वेग बदलून गायकाचा आवाज चिरका केलेला, शेवटी बौद्ध सूत्रपठणाचा सूर आणि त्यात मिसळत जाणारी बेथोव्हनची पियानोरचना, असा हा घरगुती खटाटोप होता. नभोवाणीवरून तो गाजला. तोशिबा या मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीने डिसेंबर १९६७ मध्ये तीच ध्वनिफीत बाजारात आणली आणि तिच्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण पुढच्याच वर्षी या गटाचे ‘इम्जिन-गावा’ हे गाणे तोशिबाने प्रकाशनाच्या तोंडावर मागे घेतले. गाणे मूळ उत्तर कोरियातले होते आणि मूळ रचनाकारांच्या नामनिर्देशावरून वाद उभा राहिला होता.

दुसरे मत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘अंडरग्राउंड रेकॉर्ड क्लब’ (यूआरसी) या संस्थेला अग्रमान देते. ध्वनिमुद्रिका व्यवसायाच्या अंतर्गत आचारसंहितेच्या चाळणीतून जी गाणी सुटत नसत, ती या संस्थेने सुरुवातीला फक्त सभासदांना आणि त्याच वर्षी पुढे खुल्या विक्रीने दिली. पहिल्या वाटपात तोशिबाने मागे घेतलेले ‘इम्जिन-गावा’ दुसऱ्या गटाच्या आवाजात होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘हॅपी एंड’ या गटाची जपानी भाषेतील रॉकची पायाभूत तबकडीही १९७० मध्ये येथूनच निघाली. तिसरे मत पंकोत्तर काळातील छोट्या ध्वनिमुद्रिका संस्थांपासून प्रारंभ मानते : ओसाकातील ‘व्हॅनिटी’ (१९७८), नंतर ‘नागोमु’ (१९८३) इत्यादी. ‘हारेन्चि’ ही एकवेळची घटना होती. निर्मिती आणि वितरण या दोन्हींची स्वतंत्र यंत्रणा प्रथम यूआरसीने उभी केली, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

व्यापारी यशाची उदाहरणे पुढे आली. ओकिनावाच्या ‘मोंगोल ८००’ या गटाच्या २००१ मधील ‘मेसेज’ या संग्रहाच्या सुमारे २८ लाख प्रती विकल्या गेल्याचे सांगितले जाते.

स्वतंत्र निर्मितीमुळे एखाद्या कलावंताचा नाद कसा पालटू शकतो, हे आओबा इचिको (जन्म १९९०) या गायिकेच्या वाटचालीत स्पष्ट दिसते. २०१० च्या पहिल्या संग्रहापासून ‘क्यूपी’ (२०१८) पर्यंत तिचे गाणे बहुतांशी एक आवाज आणि एक नायलॉन तारांची गिटार इतकेच होते. बोट तारेवरून सरकल्याची खरखर आणि ओळ सुरू होण्यापूर्वी घेतलेला श्वास, हेही त्यात ऐकू येत. २०२० मध्ये तिने ‘एर्मिन’ ही स्वतःची संस्था काढली. त्याच वर्षीच्या ‘आदान नो काझे’ (आदानचा वारा) मध्ये संगीतकार उमेबायाशी तारो यांच्या साथीने तंतुवाद्ये आणि बासरी आली, आणि एका कल्पित चित्रपटाचे संगीत अशी त्याची मांडणी झाली. आदान म्हणजे जपानच्या नैर्ऋत्येकडील र्यूक्यू बेटांच्या किनाऱ्यावरचे, आपल्या केवड्याच्याच कुळातले काटेरी पानांचे झाड.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी आलेल्या तिच्या ‘ल्युमिनेसंट क्रीचर्स’ (स्वयंप्रकाशी जीव) या संग्रहामध्ये हाच धागा समुद्राखाली उतरतो. एका गाण्याचे नाव ‘ल्युसिफेरीन’, म्हणजे जीवांच्या अंगी प्रकाश निर्माण करणारे रसायन. दुसऱ्याला नावाऐवजी अक्षांश-रेखांशच दिले आहेत : २४° ३′ २७.०″ उत्तर, १२३° ४७′ ७.५″ पूर्व. ही जागा जपानच्या दक्षिण टोकाकडील वस्ती असलेल्या हातेरुमा बेटावरची असून, गाणे त्या बेटावरील पारंपरिक गीतावर आधारलेले आहे. वाद्यवृंद वाढला म्हणून आवाज मोठा झाला, असे मात्र घडलेले नाही. तंतुवाद्ये गिटारच्या मागे राहतात, कधी पूर्ण थांबतात, आणि मग पूर्वीसारखा नुसता श्वास ऐकू येतो. तिच्या आधीच्या संग्रहांशी या संग्रहाचे नाते येथेच सर्वांत घट्ट आहे.